एका बैठकीचा खेळ

ताई : नको रे बाबा, हा खेळ तर मुळीच नको. नियमांचं पुस्तक बघ केवढं आहे. उशाला घेऊन झोपावं.

बारक्या : म्हणूनच मी तो पिशवीतून बाहेरच काढला नव्हता. तूच उचकापाचक केलीस. मी म्हणतोय तो हा, छोटा डबा. दीपस्तंभाचा.

ताई : काय असतं त्यात?

बारक्या : तीन राखणदार, बाहेर वादळ, दिवा बंद पडलाय. पत्त्यांवर प्रश्न लिहिलेत. ज्याची पाळी त्याने पत्ता उचलायचा, प्रश्न वाचायचा, उत्तर द्यायचं. त्यातूनच गोष्ट होत जाते. दोन तासांत खेळ खलास. चालवणारं कुणी लागतच नाही.

ताई : आणि मी काय करू? तुम्ही खेळा, मी पडद्यांना हेम घालते.

भाऊजी : अगं, तूही पत्ते उचलायचेस की.

ताई : अहो, अकरा वर्षं मी ह्या कापायच्या टेबलावर खेळ चालवलाय. पडद्यांचे तागे बाजूला सारून. आणि आता पत्ते उचलू?

बारक्या : तुझ्या घशाला आराम म्हणून म्हणतोय. सकाळपासून बोलते आहेस. ऐक ना स्वतःचा आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा झालाय.

ताई : सोमवारी ऑपरेशन आहे, आज शनिवार. आराम करायला नंतर दोन महिने पडलेत. पाणी द्या हो जरा.

भाऊजी : हे घे. कोमट आहे. घोट घोट.

ताई : मला माहितीय कसं प्यायचं. बरं, बारक्या, तुझ्या वर्कशॉपात सांगितलंस का, कुठे चाललायस ते?

बारक्या : तो ग्रीसवाला विचारत होता. म्हटलं, बहिणीकडे खेळायला चाललोय. म्हणाला, काय, पत्ते? म्हटलं, नाही रे, एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी आपापलं पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. कुठे उडी मारायची असली, मारामारी असली, की फासे टाकायचे. जमलं की नाही ते फासे ठरवतात. हे सगळं सांगेपर्यंत आमची दुरुस्तीला घेतलेली लिफ्ट चौदाव्या मजल्यावर जाऊन खाली आली. म्हणतो कसा, म्हणजे जिंकतं कोण?

भाऊजी : मग तू काय म्हणालास?

बारक्या : म्हटलं, आमचे भाऊजी. कुठलाही खेळ असो, हे आपले आचारी.

भाऊजी : अरे, आचाऱ्याला कोण मारतंय? राक्षस आला तरी आधी विचारतो, जेवायला काय आहे. दिवसभर दवाखान्यात पुड्या बांधायच्या आणि इथे येऊन तलवार कशाला घेऊ?

ताई : तुम्ही गप्प बसा. बारक्या, तीन वर्षांनी आलायस खेळायला. मला कित्ती बरं वाटतंय सांगू? कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता. म्हटलं, काय चालवू, काय चालवू. मग हे काढलं. बघ. सात बेटांचं.

बारक्या : हे तर लांबलचक आहे.

ताई : असू दे की. नकाशा मी कापडावर काढलाय, उरलेल्या पडद्याच्या. हे पहिलं बेट, हे दुसरं. आज फक्त पहिलं करू. मग मी बरी झाले की दुसरं. महिन्यातून एक बेट. वर्ष निघेल.

बारक्या : नको ताई. एका बैठकीत संपणारं घेऊ.

ताई : का?

बारक्या : उगाच अर्धवट राहतं.

ताई : अर्धवट कसं राहील? दर महिन्याला यायचं. तुझी ड्यूटी आता दिवसाची आहे ना?

बारक्या : ड्यूटीचं काय, बदलत असते. भाऊजी, तुम्ही सांगा. हा तिसरा डबापण आणलाय मी, कैद्यांचा. तोही छोटाच आहे. किल्ल्यातून पळायचं, सूर्य मावळायच्या आत. हाही एका बैठकीत संपतो.

ताई : पुन्हा तेच. आल्यापासून चौथ्यांदा म्हणालास, एका बैठकीत. पाव्हणा गाडीची वेळ सांगतो तसं काय चाललंय तुझं?

बारक्या : काही नाही गं.

ताई : अहो, ह्याला काय झालंय?

भाऊजी : मला काय माहीत? मी जरा दुकानाचं दार लावून येतो. गिऱ्हाईक येईल नाहीतर.

ताई : दार मी मघाशीच लावलंय. बसा. डॉक्टर काय म्हणाले होते? अर्धा आवाज राहील. घोगरा असेल, पण राहील. मला चालतो घोगरा. चेटकीण बोलायची असली तर उलट बराच. मग एकच बैठक कशासाठी? दोन महिन्यांनी दुसरं बेट का नको?

बारक्या : माझं होणार नाही दर महिन्याला येणं.

ताई : हां. म्हणजे आताही ड्यूटी. तीन वर्षांपूर्वीही ड्यूटीच होती. आम्ही दर शनिवारी दोघंच टेबलाशी बसून वाट बघायचो. हे म्हणायचे, येईल गं. दोन महिने वाट पाहिली आणि मग मी सगळं माळ्यावर टाकलं. माझं काय चुकलं एवढं तरी सांगायचंस.

बारक्या : राहू दे ना. आज कशाला?

ताई : आजच. सोमवारनंतर मला भांडता येणार नाही निदान दोन महिने. आज माझा हक्क आहे.

बारक्या : ठीक आहे. पूल आठवतोय?

ताई : कुठला पूल?

बारक्या : शेवटच्या खेळातला. माझा भालाईत एकटा पुलावर उभा होता. बाकीचे सगळे मागे पळाले होते, भाऊजी तर पातेली घेऊन पळाले. समोरून तो काळा राक्षस. तू आडोशामागे तो वीस आकड्यांचा फासा टाकलास, तो तुझा पुठ्ठ्याचा आडोसा, आणि म्हणालीस, चार! चुकला त्याचा वार! मी खुर्चीवर उभा राहिलो होतो ताई. चाळिशीला आलेला माणूस, हात प्लास्टरमध्ये, आणि खुर्चीवर उभा राहून ओरडतोय. मग मी भाला मारला आणि राक्षस पडला.

भाऊजी : पडला होता खरा. काय दिवस होता!

बारक्या : मग बेल वाजली. कुणीतरी पडदे न्यायला आलं होतं. तू उठून गेलीस, भाऊजी पाणी आणायला गेले. मी आडोशाच्या पलीकडे वाकून बघितलं. फासा तसाच पडला होता. एकोणीस.

ताई : अरे देवा.

बारक्या : एकोणीस. चार नाही. वार बसला होता, मी मेलो होतो त्या पुलावर.

ताई : तेवढ्यावरून?

बारक्या : तेवढ्यावरून? तोवर मी किती वेळा वाचलो असेन गं? दरीत पडताना, विष प्यायल्यावर, त्या जळत्या घरात. त्यातलं माझं किती आणि तुझं किती? घरी जाऊन मी हेच मोजत बसलो. आई गेल्यापासून तू माझी शाळेची फी भरलीस, माझ्या मास्तरांशी भांडलीस, नोकरीला चिठ्ठी दिलीस, माझं लग्न जमवलंस. सगळं तूच केलंस, मान्य आहे, जन्मभर पाया पडेन. पण हे टेबल एवढं माझं होतं. इथे मी जे जिंकत होतो ते मला वाटायचं मी जिंकतोय. ते पण तूच.

ताई : त्याच महिन्यात तू लिफ्टच्या खड्ड्यात पडला होतास, बारक्या. दोन मजले. दवाखान्यातून मला फोन आला तेव्हा हातातली कात्री पायावर पडली माझ्या. सोळा दिवसांनी तू प्लास्टर घालून इथे येऊन बसलास आणि एकोणीस पडले. माझ्या तोंडून कसं निघणार, तू खाली पडलास म्हणून? जीभच वळली नाही.

बारक्या : ते खोटं मरण होतं गं. तेवढं तरी मरू द्यायचंस.

ताई : चुकलं माझं. आता म्हणते ना, चुकलं. आधीही केलं होतं, तीनचारदा. जळत्या घरातलं पण. बस्स, सगळं कबूल. पण तुला एक सांगते. आडोशाच्या ह्या बाजूला बसून बघ कधी. फासा फक्त तुलाच दिसतोय, आणि समोर आपलं माणूस तोंडाकडे बघत बसलंय. तेव्हा कळतं, खरा आकडा तोंडातून काढणं किती अवघड असतं ते.

(भाऊजी टेबलावरचा दोऱ्याचा गुंता सोडवू लागतात.)

ताई : काय झालं? असा काय बघतोयस?

बारक्या : काही नाही.

ताई : बारक्या.

बारक्या : काही नाही म्हटलं ना.

ताई : तुला मी जन्मापासून ओळखते. तिसरीत दप्तरात मेलेलं पाखरू लपवून आणलं होतंस तेव्हाही असाच बसला होतास. आणि अहो, तुम्ही तो गुंता सोडवताय की वाढवताय? दोघं मिळून काहीतरी लपवताय. एका बैठकीचा खेळ. एका बैठकीचा. का?

भाऊजी : सांगून टाक रे. सोमवारी सहीच्या कागदावर लिहिलेलंच असणार आहे. तिथे वाचण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं.

ताई : काय लिहिलेलं असणार आहे?

बारक्या : ताई, दुसऱ्यांदा फोटो काढले ना घशाचे, तेव्हा तू बाहेर रांगेत बसली होतीस. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, पसरलंय. अर्धं काढून भागणार नाही.

ताई : मग?

बारक्या : स्वरयंत्र सगळं काढायचंय. सगळं. जीव वाचेल म्हणाले, त्याची त्यांना चांगली खात्री आहे. पण आवाज नाही राहणार.

ताई : घोगरापण?

बारक्या : घोगरापण नाही.

ताई : किती दिवस झाले ह्याला?

बारक्या : एकोणीस... नाही, वीस. वीस दिवस. ते म्हणाले, मी सांगू का तुम्ही सांगता? मी म्हटलं, मी सांगतो. आणि रोज यायचो, तू दारात म्हणायचीस, अर्धा तर अर्धा, आणि हसायचीस. माझी जीभ वळायची नाही. मग म्हटलं, एकदा शेवटचं खेळून घेऊ, छान दुपार जाऊ दे, रविवारी सांगू.

ताई : वीस दिवस! मी वीस दिवस ह्या खोलीत बसून सात बेटं रंगवली! सातव्या बेटावरच्या म्हाताऱ्या राणीचा आवाज कसा काढायचा, त्याची मोरीत नळ सोडून तालीम केली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून! आणि तुम्ही दोघं बाहेर बसून ऐकत होतात?

भाऊजी : मी ऐकत होतो. मला आठवड्यापूर्वी सांगितलं त्याने. मी मोरीच्या दाराशी उभा राहायचो.

ताई : तुम्हीसुद्धा!

भाऊजी : तीस वर्षं कडू औषधात गोड पाक घालून देतोय मी. सवय लागली. माझंही चुकलं.

ताई : चुकलं म्हणे. मला राग आलाय. ऐकताय ना? मला भयंकर राग आलाय तुमचा, आणि भीती वाटतेय. खरंच भीती वाटतेय हो. गिऱ्हाइकाचा फोन आला तर कोण बोलणार? मागच्या गल्लीत आग लागली तर मी हाक कशी मारू? आणि तुम्हाला? आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले. ते कसं म्हणायचं आता?

भाऊजी : टाळी वाजव. मी येईन.

ताई : आणि हात पिठात असले तर?

भाऊजी : तर भांडं आपट. नाहीतरी आपटतेसच.

ताई : हसवू नका. हसले की दुखतं.

बारक्या : गळ्याला लावायचं एक यंत्र असतं म्हणाले डॉक्टर. नंतर शिकवतात. लोक बोलतात त्याच्यावर. पण तो आवाज असा नसतो, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मी ऐकलाय. वेगळाच असतो.

ताई : सांगितलंस ते बरं केलंस. ह्याच्यापुढे मला सगळं असंच सांगायचं. जसं पडेल तसं.

बारक्या : सांगेन.

ताई : डोळे पूस. आणि मलाही तो रुमाल दे. पडद्याला पुसू नका हो नाक, गिऱ्हाइकाचा आहे.

बारक्या : आज राहू दे का मग खेळ? तू पड जरा.

ताई : पडू? दोन दिवस उरलेत माझ्याकडे आवाजाचे, ते पडून काढू? डबे आण इकडे. आता मी निवडते. सात बेटं गुंडाळून ठेवा. दीपस्तंभ नको, मला पत्त्यावरचे प्रश्न वाचायचे नाहीत. ह्या कैद्यांच्या खेळात मरतात का माणसं?

बारक्या : बरीच. चौघं असले तर एखादा बाहेर पडतो. पण ताई, ह्याला चालवणारा लागतो. एकानेच दोन तास बोलायचं असतं, पहारेकरी, कैदी, किल्लेदार, सगळ्यांचं. तुझा घसा...

ताई : मी नाही चालवणार. तू चालव.

बारक्या : मी? मी जन्मात चालवला नाहीये!

ताई : आणि मी जन्मात खेळले नाहीये. कुणाच्या लक्षात तरी आलं का तुमच्या? अकरा वर्षं ह्या टेबलावर मी राजा झाले, चेटकीण झाले, खोकणारा सावकार झाले, एकदा तर घोड्याचं बोलले. दहा मिनिटं एक, दहा मिनिटं दुसरा. तुम्ही दोघं आपापलं एक पात्र घेऊन बसायचात, त्याला जखम झाली की रुसायचात, त्याला बूट मिळाले की खूष व्हायचात. मला कधी एक पात्र मिळालं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं म्हणून. मला एकदा तसं बोलायचंय. उधार-उसन्या गळ्याने नाही, माझ्या.

भाऊजी : खरंच की. आपल्या कधी ध्यानातच आलं नाही.

ताई : तुमच्या ध्यानात काय येतंय? तुम्ही पातेली घेऊन पळत होतात. दाखव रे पात्रं.

बारक्या : तयारच असतात ह्यात, कागदावर. हा सुरुंगवाला. हा खोट्या सह्या करणारा. ही शिवणकाम करणारी...

ताई : शिवणकाम नको. ते रोजचंच आहे.

बारक्या : मग ही. घोडेचोर बाई. तोंडाळ, तापट, कुणाचं ऐकून घेत नाही.

भाऊजी : ही तर तयार होऊनच आली आहे.

ताई : मी हीच घेते. तुमच्यासाठी आचारी आहे का बघ रे, नाहीतर हे उठून जातील.

बारक्या : नाहीये. भाऊजी, सुरुंगवाला घ्या. तुरुंगात स्वयंपाकघरात काम करतो असं धरू.

भाऊजी : झालं तर मग.

ताई : आणि तो पुठ्ठा लावायचा नाही. फासे इथे, सगळ्यांसमोर टाकायचे. एकोणीस तर एकोणीस.

बारक्या : आणि तू पहिल्याच दाराशी मेलीस तर?

ताई : तर मेले. मग बसून बघेन तुमची गंमत. पण तू हात लावायचा नाहीस.

बारक्या : नाही लावणार. मला नीट जमेल असं वाटत नाही हां. आधीच सांगतो.

ताई : मलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. अर्ध्यात राजाचं नाव विसरले होते. चल, कर सुरू. आणि तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.

बारक्या : बरं. तर, तुम्ही दोघं... एका कोठडीत आहात. भिंती ओल्या आहेत. म्हणजे, पाणी झिरपतंय. वर एक खिडकी आहे, हाताच्या पंजाएवढी. त्यातून ऊन येतंय, आणि ते भिंतीवर सरकतंय. ते दारापर्यंत पोचलं की पहारा बदलतो. एवढाच वेळ आहे तुमच्याकडे. बाहेर एक पहारेकरी. त्याच्या कमरेला किल्ल्या. तो... तो गुणगुणतोय काहीतरी.

भाऊजी : छान सांगतोयस की रे.

बारक्या : मध्ये बोलू नका भाऊजी, मी विसरतो. हां. गुणगुणता गुणगुणता तो थांबतो. गजांपाशी येतो. वाकून आत बघतो, आणि त्याची नजर बरोबर तुझ्यावर येते. ताई, तू काय करतेस?

ताई : थांब जरा. विचार करू दे. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.